बटणांची बाजू

"या पोरीचा हात का अडखळतोय?" बाबांनी विचारलं.

रविवारची दुपार होती. जेवणाची भांडी एका कडेला सारून मी टेबलावर पानं पसरली होती. एकशे त्र्याऐंशी पानं, आठ महिन्यांचं काम. सोमवारी सकाळी अकराला ती छपाईला जायची होती. त्याआधी एकदा कुणाच्या तरी नजरेखालून ती जावीत असं वाटत होतं, आणि घरात बाबांशिवाय दुसरं होतं कोण?

"घाबरलीय ती," मी म्हणाले. "प्रेमात पडलीय ना."

"प्रेमात हात थरथरतो. अडखळत नाही." त्यांनी खिशातलं भिंग काढलं आणि शेवटच्या पानावर धरलं. "हा अंगठा बघ. बटण शोधायला गेलाय आणि तिथे आहे काज. असं कधी होतं? शर्ट दुसऱ्याचा असला तर. पण हा तर बायकी शर्ट. बटणं डाव्या अंगाला. म्हणजे तिचाच. आपल्याच शर्टात कुणाचा हात चुकतो, बाई?"

मी हसले. मग ते हसू ओठांवरच थांबलं आणि आत कुठेतरी एक टाका सुटला.

बाबांनी एकतीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काजं पाडली. काज म्हणजे बटणाचं घर, असं ते मला लहानपणी सांगायचे. काजाच्या यंत्रांची रांग बायकांची होती. बावीस बायका आणि एकटे बाबा. कारखाना त्यांना 'काजवहिनी' म्हणायचा. आणि आई होती कापायच्या टेबलावर, जिथे कापडाची वीतभर जाड थप्पी एका दमात कापतात आणि जिथे तिच्याआधी बाई उभी राहिली नव्हती. तिला सगळे 'मास्तर' म्हणायचे. मास्तर आणि काजवहिनी यांचं लग्न झालं तेव्हा अर्धा कारखाना नवरी कोण म्हणून विचारत होता. बाबा ही गोष्ट सांगताना अजून हसतात. आई हसायची नाही. ती म्हणायची, "विचारू दे की. उत्तर आपण कुठे देतोय?"

म्हणून तर ही जपानी चित्रकथा हाती आली तेव्हा मला वाटलं होतं, ही माझ्यासाठीच इतका समुद्र ओलांडून आलीय.

कथा शाळेतली. एक उंच, रुंद खांद्यांची मुलगी, धनुर्विद्येच्या चमूची पुढारी. शाळेतल्या मुली तिच्यावर जीव टाकतात आणि तिला 'राजकुमार' म्हणतात. आणि एक बारीक चणीचा मुलगा, नाटकाच्या कपड्यांच्या खोलीत दार लावून भरतकाम करणारा. त्याला पोरं 'सुईताई' म्हणतात. नाटकाच्या दिवशी पडद्यामागे गडबड होते, अंधारात दोघं एकमेकांचे शर्ट चढवून बाहेर येतात, आणि परत करायचं राहून जातं. राहून जातं की दोघंही मुद्दाम ठेवून घेतात, ते चित्रकार सांगत नाही. पुस्तकभर शर्टांबद्दल एक अक्षर नाही. फक्त शेवटच्या पानावर, पानभर एकच चित्र: आरशासमोर नव्हे, खिडकीपाशी उभी ती मुलगी, गळ्याखालचं बटण लावणारा तिचा हात, आणि कोपऱ्यात तीन शब्द. 'आज हात चुकला.'

ते पान मी किती वेळा पाहिलं असेल! दर वेळी रडले. आणि दर वेळी मी त्यात फक्त लाज पाहिली होती. बटण पाहिलं नव्हतं. काजवाल्याची लेक मी.

"बाबा, मूळ पान बघू या," मी म्हणाले.

जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. आपल्या वाचकाला ते जड जाईल म्हणून आम्ही प्रत्येक पान आरशात धरल्यासारखं उलटं केलं होतं. आम्ही म्हणजे मी. नोकरीच्या मुलाखतीत मीच म्हणाले होते, मला द्या, मी असं उलटवीन की कुणाला शिवण दिसणार नाही. त्या एका वाक्यावर मला घेतलं. ऑफिसात माझं नावच पडलं 'आरसा'. पानं उलटली की घड्याळं उलटी होतात, फलकांवरचे आकडे उलटे होतात. मी चौदा घड्याळं सरळ केली. शाळेच्या बिल्ल्यावरची अक्षरं सरळ केली. राजकुमारच्या गालावरचा तीळ दुसऱ्या गालावर गेला होता, तोसुद्धा घरी आणला.

संगणकावर मूळ पान उघडलं. खिडकी दुसऱ्या बाजूला. मुलगी दुसऱ्या बाजूला. आणि शर्टाची बटणं उजव्या अंगाला.

"हं," बाबा म्हणाले. "आता बरोबर. पुरुषी शर्ट. म्हणजे त्या पोराचा. सवयीने बटण डावीकडे शोधतेय, तिथे काज. म्हणून अडखळली." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "छान काढलंय गं. ज्याने काढलं त्याला शिवण कळते."

मी एकेक पान मागे जाऊ लागले. मूळ पुस्तकात सुरुवातीला मुलाचा शर्ट मुलाचा, मुलीचा मुलीचा. नाटकानंतर अदलाबदल. पुढची नव्वद पानं तो तिचा घालतो, ती त्याचा, आणि वर्गात, मैदानात, दोघं दोन टोकांना उभी असली तरी ज्याला दिसतं त्याला दिसत राहतं. आणि माझ्या पुस्तकात? माझ्या पुस्तकात दोघं पहिल्या पानापासून दुसऱ्याचे कपडे घालून फिरत होती आणि नाटकाच्या रात्री आपापल्या कपड्यांत परत जात होती. मूळ पुस्तकात जीव जुळत होते, आणि इथे मी माणसांना मुकाट्याने आपापल्या जागी नेऊन बसवत होते. रेघ न रेघ तीच. गोष्ट नेमकी उलटी.

"कुणाला कळणार आहे?" मी म्हणाले. बाबांना नाही, स्वतःलाच.

"मला कळलं," बाबा म्हणाले आणि बटाटे सोलायला घेतले.

खरी धडकी त्यानंतर भरली.

जपानहून पानं आली तेव्हा काही चित्रांवर फिकट निळी वर्तुळं होती. बारीक, नखाएवढी. सोबत कसलीच चिठ्ठी नव्हती. मला वाटलं, चित्रकाराच्या पेन्सिलीचे राहून गेलेले डाग. माझं कामच पुसण्याचं: धूळ, कागदाची घडी, जुन्या छपाईचे ठिपके. पहिल्याच आठवड्यात मी ती सगळी वर्तुळं पुसून टाकली. स्वच्छ पानांचा मला गर्व होता. आणि पुसलेल्या प्रत्येक डागाची नोंद ठेवायची माझी सवय होती, तीही ठेवली होती.

वही काढली. 'पान एकोणीस, चौकट दोन, निळा डाग, छातीपाशी. साफ.' 'पान बेचाळीस, चौकट चार, निळा डाग, गळ्यापाशी. साफ.' एकसष्ट नोंदी. एकसष्ट वेळा तिकडच्या कुणीतरी बोट ठेवून सांगितलं होतं, इथे सांभाळ, इथे बटण आहे. आणि एकसष्ट वेळा मी ते बोट पुसून टाकलं होतं.

करारात एक ओळ होती, ती आमच्या प्रकाशनाच्या मॅडमनी मला पहिल्या दिवशी वाचून दाखवली होती. पानं उलटी करायला हरकत नाही, चित्राचा अर्थ बदलू नये. आणि त्याच मॅडमच्या टेबलाच्या वरच्या खणात माझं पाकीट होतं. आठ महिने मी तात्पुरती होते. "पुस्तक छपाईला गेलं की तुझं कायमचं पत्र," त्या म्हणाल्या होत्या. "सही करून ठेवलंय मी. खणात आहे."

मी ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. रात्रीपर्यंत एकसष्ट चौकटी दुरुस्त करायच्या. बटणं इकडची तिकडे, पट्टी इकडची तिकडे. होईल. का नाही होणार?

पहिल्या चौकटीला वीस मिनिटं लागली. दुसरीला पंचवीस. शर्टाची एक कड दुसरीवर येते, तिची सावली बदलते, गळ्याची घडी बदलते. बाबा मागे उभे राहून सांगत होते, "ही कड वर, ती खाली. नाही, घडी इथून नाही पडत." सहा वाजेपर्यंत नऊ चौकटी झाल्या. माझं मनगट दुखायला लागलं. मग म्हटलं, निदान शेवटचं पान तरी आधी नीट करू. त्या पानावरची बटणं मी उजवीकडे नेली, काजं डावीकडे आणली आणि मागे सरकून पाहिलं.

मुलीचा अंगठा थेट बटणावर पडला होता. अचूक. अडखळणं गेलं होतं. खाली मात्र लिहिलेलं, 'आज हात चुकला.'

मी पेन खाली ठेवलं.

"पाडलेलं काज बुजवता येत नाही, बाई," बाबा हळूच म्हणाले. "कापडाला चीर दिलेली असते. वरून कितीही टाके घाल, भोक कळतं. सगळी शिवण उसवून पुन्हा मांडायचा शर्ट."

"म्हणजे उद्या मॅडमना सांगायचं."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हणालात?"

ते समोरच्या खुर्चीत बसले. सोललेल्या बटाट्यांचं भांडं मांडीवर. "मी एकदा चाळीस शर्टांची काजं उलट्या अंगाला पाडली होती. तू तेव्हा पाळण्यात. रात्रभर रडायचीस, झोप नव्हती. संध्याकाळी कळलं मला, पण गठ्ठा बांधून झाला होता. गप्प बसलो. तीन आठवड्यांनी शर्ट परत आले."

"मग?"

"मग काय. ओरडा पाच मिनिटं बसला. सुपरवायझरलाही जेवायला जायचं होतं. पण आधीचे तीन आठवडे..." त्यांनी मान हलवली. "दारावर कुणी थाप मारली तरी वाटायचं, शर्ट आले. तुझी आई विचारायची, काय झालंय, आणि मी म्हणायचो, दात दुखतोय. तीन आठवडे मी दुखऱ्या दाताचं सोंग काढलं. तिने मला लवंग दिली रोज."

मला हसू आलं आणि रडूही. बाबा उठले, आतल्या खोलीत गेले आणि एक शर्ट घेऊन आले. आईचा, कापायच्या टेबलावरचा, निळा, कोपरांपाशी विरलेला. कारखाना त्या टेबलासाठी फक्त पुरुषी शर्ट द्यायचा.

"लग्नानंतर मी म्हणालो होतो, दे, बटणांची बाजू बदलून देतो. म्हणाली, राहू दे, आता हाताला सवय झालीय. शेवटी ती आजारी पडली तेव्हाही हेच शर्ट घालायची. मी समोर बसून बटणं लावायचो." त्यांनी हवेत, समोर कुणी बसलं असावं तसे, दोन्ही हात उचलले. "समोरून लावताना सगळं उलटं होतं. मी, एकतीस वर्षांचा काजवाला, आणि रोज सकाळी माझा हात चुकायचा. ती म्हणायची, वहिनी, सावकाश."

ते पुन्हा स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं. काजाच्या रांगेतल्या बायका यंत्रांच्या आवाजात एकेक ओळ जोडत गायच्या, त्यातलं काहीतरी.

*सुईबाई सुईबाई, किती गं तुझी घाई,*
*दोरा मागं राहिला, त्याची वाट पाही.*

सोमवारी मी साडेनऊला ऑफिसात पोचले. आमचं ऑफिस गाद्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात कायम कापूस तरंगत असतो. वहीची पिशवी छातीशी धरून मी चढले आणि प्रत्येक पायरीवर वाक्य बदललं. मॅडम, एक छोटीशी गोष्ट आहे. मॅडम, एक मोठी गोष्ट आहे. मॅडम, गोष्ट उलटी झाली आहे.

आत चष्मा आधीच आला होता. चष्मा म्हणजे आमचा अक्षरवाला, चित्रातल्या बोलण्याच्या फुग्यांत शब्द बसवणारा. त्याच्या काचा इतक्या जाड की डोळे माशांसारखे दिसतात.

"या आरसाबाई! आज पेढे नाहीत तर निदान बिस्किटं तरी? कायमच्या होताय म्हणे."

"मॅडम आल्यात?"

"फोनवर आहेत. छपाईवाल्याशी इतक्या गोड बोलतायत की मला वाटलं, मुलगी दाखवायची आहे."

काचेपलीकडे मॅडम हसत होत्या. एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने खण ओढत होत्या. त्यांनी पाकीट काढलं, टेबलावर ठेवलं आणि मला बोटाने आत बोलावलं. पाकिटावर माझं नाव होतं, त्यांच्या तिरक्या अक्षरात.

मला वाटलं, पाकीट घ्यावं. आधी घ्यावं, मग सांगावं. नाहीतर आज घ्यावं आणि सांगूच नये. पुस्तक निघेल, लोक वाचतील, रडतील. मी नव्हते रडले? आठ महिने चुकीच्या पानावर मी खरी रडले होते. मग तिकडे एक प्रत जाईल. तो चित्रकार, बाई की बुवा कुणालाच ठाऊक नाही, पान उघडेल आणि आपली एकसष्ट वर्तुळं शोधेल. आणि मी इथे रोज दाराची घंटा वाजली की दचकेन. दात दुखतोय म्हणेन.

मॅडमनी फोन ठेवला. "ये. बस. का गं, बरं वाटत नाही का?"

"मॅडम, पुस्तक आज पाठवू नका."

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. ते हळूहळू, दिवा विझताना तार लाल राहते तसं, राहिलं आणि मग गेलं.

मी वही उघडली. सगळं सांगितलं. बटणं, वर्तुळं, एकसष्ट नोंदी, शेवटचं पान. सांगताना मी सारखी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून डावं-उजवं दाखवत होते. काय सांगतेय ते मला समजत होतं, पण ते कुणाला पटेल असं वाटत नव्हतं. काचेपलीकडून चष्मा कधी आत आला कळलं नाही.

"बटणांवरून प्रेम?" तो म्हणाला. "आमच्याकडे बटणांवरून फक्त भांडणं होतात."

"तू थांब," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मूळ पान आणि आमचं पान शेजारी ठेवलं. बराच वेळ पाहिलं. मग स्वतःच्या नकळत त्यांनी आपल्या शर्टाचं गळ्याचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं. एकदा, दोनदा. "कुणी पकडलं हे?"

"माझ्या वडिलांनी. ते काजं पाडायचे."

"आणि तू? तुला आठ महिन्यांत दिसलं नाही?"

"नाही."

"तिकडून खुणा करून पाठवल्या, त्या तू पुसल्यास. मला विचारलंही नाहीस."

"नाही विचारलं."

"का?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. "मला वाटलं, विचारलं तर तुम्हाला वाटेल, हिला येत नाही."

मॅडमनी वही आपल्याकडे ओढली. खाली दुकानात कुणीतरी गादी बडवत होतं, धप्प, धप्प. मग त्यांनी विचारलं, "दुरुस्त होईल?"

"उलट्या पानांत नाही होणार. मी काल प्रयत्न केला. बटणं बदलली तर हात चुकत नाही, हात ठेवला तर बटणं चुकतात." मी मूळ पान पुढे सरकवलं. "पानं होती तशीच ठेवावी लागतील. न उलटता. उजवीकडून डावीकडे."

"म्हणजे माझे सगळे फुगे!" चष्मा ओरडला. "एकशे त्र्याऐंशी पानांचे फुगे पुन्हा? आरसा फुटला म्हणून चष्म्याने रडायचं?"

"किती दिवस?" मॅडमनी त्याला विचारलं.

"बारा. जेवलो तर तेरा."

"आणि लोक?" आता त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "दुकानात माणूस पुस्तक हातात घेईल, आपल्या सवयीने उघडेल, त्याला शेवट दिसेल. छपाई चुकली म्हणून परत ठेवेल. म्हणून तर आपण उलटवत होतो. म्हणून तर तुला घेतलं."

ते वाक्य मी आदल्या रात्री स्वतःला हजारदा ऐकवलं होतं. तरीही ते लागलं. न उलटवायचं पुस्तक असेल तर आरशाचं काम काय?

तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर तो दुकानातला माणूस आला. पुस्तक हातात, सवयीने डावीकडून उघडतोय. काय दिसेल त्याला पहिलं?

"मॅडम, त्याला शेवटचं पान दिसेल."

"तेच म्हणतेय मी."

"नाही, म्हणजे... बघा ना. चुकीच्या बाजूने उघडलं की पहिलं हेच पान. हा हात. आणि हे तीन शब्द." मी बोट ठेवलं. "त्याचाही हात चुकलेलाच असेल तेव्हा."

मॅडम पानाकडे पाहत राहिल्या. चष्म्याने काचा काढून पुसल्या आणि पुन्हा घातल्या. मग फोन वाजला. छपाईवाला विचारत होता, फाइल कधी.

"बारा दिवसांनी," मॅडम म्हणाल्या. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. त्या ऐकत होत्या आणि दुसऱ्या हाताने पाकीट उचलून त्यांनी खणात टाकलं. खण ढकलला. तो नीट लागला नाही, म्हणून गुडघ्याने लोटला.

ते बारा दिवस मी चष्म्याच्या शेजारी बसून काढले. माझ्या चौदा घड्याळांचं आता काही काम नव्हतं, ती आधीच सरळ होती. तीळ आपल्या गालावर होता. मी फक्त जुनी जपानी अक्षरं पुसून द्यायची आणि तो नवीन बसवायचा. निळी वर्तुळं मी या वेळी सगळ्यांत शेवटी पुसली, एकेक करून, प्रत्येकाखालचं बटण मोजून. तिकडे मॅडमनी कळवलं होतं. उत्तर आलं ते दोन ओळींचं: ठीक आहे, आम्हालाही तसंच बरं वाटेल. चित्रकार काय म्हणाला, किंवा म्हणाली, त्याबद्दल काही नव्हतं. मी ते पत्र परत परत वाचत होते, त्यात राग शोधत.

"आरसाबाई," सातव्या दिवशी चष्मा म्हणाला, "रोज खणाकडे बघून तो उघडत नसतो."

"मी कुठे बघतेय?"

"माझ्या काचांतून सगळं मोठं दिसतं."

घरी बाबा काही विचारत नसत. फक्त एकदा जेवताना म्हणाले, "दात कसा आहे?"

"दुखत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. भीती होती, पण ती वेगळी, सरळ बाजूची भीती होती.

तेराव्या दिवशी छपाईवाल्याकडून नमुन्याची प्रत आली. एकच. मॅडमनी आम्हा दोघांना आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही. मी माझ्या जागेवरून पाहत होते.

त्यांनी वेष्टन फाडून पुस्तक काढलं. वास घेतला, त्या नेहमी घेतात. एका हाताने चहाचा कप सरकवला, दुसऱ्या हाताने पुस्तक उघडलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. बारा दिवस दुसरं काही बोललोच नव्हतो आम्ही. तरी हात सवयीचा. डावीकडून उघडलं.

त्या थबकल्या.

पानभर खिडकीचा उजेड, गळ्याखाली अडकलेला अंगठा, आणि तीन शब्द. तिथून मला दिसत नव्हते, पण मला ते पाठ होते.

मॅडमच्या तोंडून एक छोटा आवाज आला. हसण्याचा होता की कसला, ते कळलं नाही. त्यांनी पुस्तक मिटलं. हातात गोल फिरवलं, घरात आलेल्या पाहुण्याला खुर्ची वळवून द्यावी तसं, आणि दुसऱ्या बाजूने उघडलं. पहिलं पान. मग दुसरं. चहा निवत होता. खण बंद होता. त्या वाचत होत्या आणि पानं, एकामागून एक, उजवीकडे जमत चालली होती.

चष्म्याने न बघता एक बिस्किट माझ्याकडे सरकवलं. मी ते हातात धरून बसले.